वापरलेले वल्हेयंत्र : किती चालले आणि कसे चालले

देशावरच्या बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचे तोंड उघडून पाहते. अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला, अशा पायऱ्यांनी बैलाचे वय ठरते. परंतु जाणता शेतकरी तेवढ्यावर दावे हातात घेत नाही. जू टेकते त्या खांद्यावरून तो हात फिरवतो, खूर पाहतो, बैलाला दहा पावले चालवतो. दातांवरून वय कळते. कष्ट कसे झाले आणि निगा कशी राखली गेली, हे खांदा आणि खूर सांगतात. दुसऱ्याच्या घरून येणारी कोणतीही राबती वस्तू पारखताना हा भेद उपयोगी पडतो. वल्हवण्याचे यंत्र, ज्याला व्यायामशाळांत ‘रोइंग मशीन’ म्हणतात, तेही याला अपवाद नाही.

नाव न सोडता वल्हवण्याचा सराव करावा ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी खाब्रियास याने नवख्या खलाशांना किनाऱ्यावरच लाकडी चौकटींवर बसवून वल्ह्यांची लय शिकविली, असे ग्रीक लेखक सांगतात. आज जगभर शर्यतींच्या सरावासाठी जे यंत्र प्रमाण मानले जाते, ते अमेरिकेतील व्हर्मांट राज्यातले. तेथील ड्रायसिगॅकर बंधूंच्या ‘कॉन्सेप्ट टू’ या कंपनीने 1981 साली सायकलचे चाक आणि सायकलचीच साखळी वापरून ते प्रथम तयार केले. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. पुढे जाळीच्या पेटीत पंख्यासारखी पाती असलेले जड चाक असते. त्याच्याशी जोडलेल्या साखळीच्या टोकाला मूठ. ती ओढली की चाक फिरते आणि पाती हवा कापतात. वल्ह्याला पाण्याचा होतो तसा हाताला हवेचा विरोध होतो. मूठ सोडताच आतला लवचीक दोर साखळी परत ओढून घेतो. ओढणारा ज्या बैठकीवर बसतो, ती लहान चाकांवर एका लांब रुळावरून मागे-पुढे सरकते. समोर एक मापक असतो. तो अंतर, वेळ आणि ओढींची गती दाखवितो.

ज्या गावाला नदी नाही, किंवा नदी आहे पण पाणी नाही, तेथे असे यंत्र हीच नाव होते. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे गाव अवर्षणाचे. तेथला दत्तू भोकनळ सैन्यात गेला, पुण्यास त्याच्या हाती वल्हे आले आणि 2016 साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकेच्या शर्यतीत तो जगात तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघातही तो होता. अशा खेळाडूच्या सरावाचा मोठा भाग जमिनीवर, यंत्रावरच होत असतो. ऑलिंपिक शर्यत 2000 मीटरांची, आणि यंत्रावरची कसोटीही तेवढ्याच अंतराची घेतली जाते.

आता दूर दक्षिणेकडे वळू. चेन्नईच्या उत्तरेस, तिरुवळ्ळूर जिल्ह्यात, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी नावाचे गाव आहे. चेन्नईहून उपनगरी गाडीने सव्वा ते दीड तासात तेथे पोहोचता येते. ‘सिपकॉट’ या सरकारी महामंडळाची मोठी औद्योगिक वसाहत तेथे आहे आणि भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळया काढणाऱ्या भट्ट्याही आहेत. अशा वसाहतींत नोकरीनिमित्त देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येऊन राहतात. त्यांत मराठी कुटुंबे असणे नवलाचे नाही. पुण्यास शिकत असताना मुळेच्या पाण्यात वल्हे मारलेला एखादा तरुण अभियंता येथे राहावयास आला, अशी कल्पना करावी. 1867 साली स्थापन झालेला मद्रास बोट क्लब अड्यार नदीवर, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वेस पुलिकतचे विस्तीर्ण सरोवर जवळ आहे खरे, पण ते कोळ्यांच्या होड्यांचे. कामाच्या पाळ्या सांभाळून रोज पहाटे अड्यार गाठणे शक्य नाही. तेव्हा त्याने यंत्र घेण्याचे ठरविले. आयात केलेले नवे यंत्र लाखाहून अधिक रुपयांना पडते. म्हणून वापरलेले पाहावयाचे.

अशा यंत्रांना आज तोटा नाही. 2020 साली टाळेबंदीत व्यायामशाळा बंद पडल्या तेव्हा अनेकांनी ती घरी आणली, आणि पुढे उत्साह ओसरल्यावर त्यांच्यावर टॉवेल वाळत पडू लागले. समजा, या तरुणापुढे दोन यंत्रे आली. एक चेन्नई शहरातील व्यायामशाळेचे. त्याच्या मापकावर एकूण अंतर एक कोटी वीस लाख मीटर. दुसरे याच लोहमार्गावरच्या तिरुवोट्टियूर येथील समुद्राकाठच्या इमारतीत, सज्जात ठेवलेले. त्यावर अवघे ऐंशी हजार मीटर. दुसऱ्याचा मालक ‘जवळजवळ नवेच आहे’ असे म्हणून जास्त पैसे मागतो. कोणते घ्यावे?

प्रथम आकड्यांचा अर्थ लावला पाहिजे, कारण मीटर हे माप ऐकणाऱ्याला भिवविते. मध्यम जोराने ओढणारा माणूस मिनिटाला सुमारे दोनशे मीटर ‘जातो’, आणि दर ओढीला साधारण आठ मीटर. या हिशेबाने एक कोटी वीस लाख मीटर म्हणजे साठ हजार मिनिटे, अर्थात एक हजार तास आणि पंधरा लाख ओढी. ताशी चाळीस किलोमीटरने धावणाऱ्या स्कूटरला तेवढ्याच तासांत चाळीस हजार किलोमीटर झाले असते. स्कूटर तेवढ्याने मोडीत निघत नाही, आणि नीट राखलेले हे यंत्रही निघत नाही. ऐंशी हजार मीटर म्हणजे मात्र चारशे मिनिटे. सात तासही नव्हेत! मालकाने यंत्र आणले, आठ-पंधरा दिवस ओढले आणि सोडून दिले. आकडा कमी आहे तो यंत्र जपले म्हणून नव्हे, विसरले म्हणून.

शिवाय हा आकडा कोणाचा, हेही विचारावयास हवे. अलीकडच्या मापकांत एकूण अंतर साठविलेले असते आणि यंत्राच्या माहितीच्या पानावर ते पाहता येते. परंतु ते मापकाचे अंतर असते, यंत्राचे नव्हे. मापक हा वेगळा डबा आहे. तो बिघडला की दुसरा बसवितात, आणि नवा डबा पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. पंधरा वर्षांच्या यंत्राला दोन वर्षांचा मापक लागलेला असू शकतो. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण विकणाऱ्याला हा प्रश्न सरळ विचारावा. यंत्राच्या अंगावर क्रमांकाची चिठ्ठी असते. तो क्रमांक कंपनीस कळविला तर यंत्र केव्हाचे ते समजते. यंत्र आणि मापक यांची वये जुळत नसतील तर आकडा बाजूला ठेवावा आणि खांद्यावर हात फिरवावा.

यंत्राचा खांदा म्हणजे त्याची साखळी. व्यायामशाळेच्या यंत्राची मूठ ओढून साखळी हातभर बाहेर काढावी, दिवसाच्या उजेडात पाहावी आणि पांढऱ्या फडक्याच्या चिमटीतून जाऊ द्यावी. फडक्यावर काळसर तेलाचा पुसट डाग आला तर उत्तम. लालसर भुकटी आली तर तो गंज. फडके कोरडेच राहिले तर तेल बरेच दिवसांत पडलेले नाही. नंतर साखळी सैल करून बोटावर टाकावी. ती सगळीकडे सारखी वळली पाहिजे. एखादी कडी ताठ राहून कोन करीत असेल तर ती आतून गंजली आहे, आणि अशी कडी दातेरी चाकावरून जाताना दर ओढीला हाताला लहानसा हिसका देते. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वापराच्या दर पन्नास तासांनी साखळीला तेल द्यावयाचे असते. हजार तास म्हणजे वीस वेळा. व्यायामशाळेच्या व्यवस्थापकाला ‘तेल देता का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. सगळेच होय म्हणतात. ‘कोणते तेल देता आणि ते कोण देतो?’ असे विचारावे. ज्याने खरोखर दिले असेल तो लगेच सांगतो, बहुधा बाटलीही दाखवितो. गंज सोडविण्याचे फवारे मात्र या कामी चालत नाहीत. ते आहे ते तेलही धुऊन टाकतात.

साखळी मुठीला जेथे जोडलेली असते, तो सांधा लहान असला तरी सर्वांत महत्त्वाचा. धातूवर धातू घासून तेथे खाच पडते, भोक लांबट होते. पंधरा लाख ओढींचा सारा जोर या बोटभर जागेतून गेलेला असतो. हा तुकडा स्वस्त आहे आणि बदलता येतो. पण तो ऐन ओढीच्या भरात तुटला तर माणूस मागे पाठीवर आदळतो. म्हणून किमतीची घासाघीस इतर कशावरही करावी, या जागेवर झीज दिसली तर नवा तुकडा बसविल्याखेरीज यंत्र ओढू नये.

त्यानंतर रूळ. पोलादी पट्टीवर काळ्या घाणीच्या रेघा असणे हा दोष नव्हे. घाम, धूळ आणि चाकांचा चुरा मिळून त्या होतात आणि ओल्या फडक्याने निघतात. पुसल्यावर नख उभे धरून पट्टीवरून सावकाश ओढावे. नख कोठे अडखळले, खड्डे वा चरे लागले, तर पट्टी गेली. मग बैठकीवर बसून पायांनी हळूहळू मागे-पुढे व्हावे. ठोका बसत असेल तर तो कोठे बसतो ते पाहावे. रुळाच्या एकाच जागी दर वेळी बसला तर दोष रुळात. जागा बदलत राहिली तर दोष बैठकीच्या चाकात, एका अंगाला चपटे झालेल्या. चाके अल्प किमतीत मिळतात, पट्टीला खर्च अधिक. हा एवढा फरक समजला तरी घेणाऱ्याचे पुष्कळ पैसे वाचतात.

लवचीक दोराची परीक्षा सोपी आहे. मूठ पूर्ण ओढून मग हलक्या हाताने परत जाऊ द्यावी. ती शेवटपर्यंत, जाळीपर्यंत गेली पाहिजे. वाटेत रेंगाळली, साखळी झोळासारखी खाली लोंबली, तर दोर थकला आहे. उष्ण हवेत हा दोर वापराविनाही थकतो, हे सज्जातल्या यंत्रासाठी लक्षात ठेवावे.

आता चाकाच्या पेटीकडे. साखळी ज्या दातेरी चाकावरून जाते, त्याच्या आत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना असते: ओढताना पकडते, सोडताना मोकळी फिरते. आधी संथ आणि मग एकदम जोराच्या पाच-सहा ओढी घ्याव्यात. ओढीच्या आरंभी हात क्षणभर रिकामा जाऊन मग जोर लागला, तर ती पकड निसटते आहे. नंतर चाकाला चांगली गती देऊन मूठ ठेवून द्यावी आणि कान देऊन ऐकावे. वाऱ्याचा आवाज हळूहळू विरत जावा. त्याखाली घरघर किंवा खरखर ऐकू आली तर बेअरिंगे गेली, असे समजावे. या परीक्षेसाठी खोलीतला पंखा आणि विकणाऱ्याचे बोलणे, दोन्ही थांबविलेली बरी.

या पेटीत आणखी एक गोष्ट दडलेली असते; ती म्हणजे धूळ. पंखा जी हवा ओढतो तिच्याबरोबर केस, कापसाचे तंतू, काजळी सारे आत येते आणि जाळीवर थर बसतो. पेटी न उघडता हा थर मोजण्याची युक्ती मापकातच आहे. चाक दोन ओढींच्या दरम्यान किती लवकर मंदावते, त्यावरून मापक हवेच्या विरोधाचा एक अंक काढतो. हवेची झडप शेवटच्या, म्हणजे दहाच्या खुणेवर ठेवली, तर या कंपनीच्या अलीकडच्या स्वच्छ यंत्रात तो अंक समुद्रसपाटीला दोनशेच्या आसपास किंवा थोडा वर येतो. तेच यंत्र पुण्यास, साडेपाचशे मीटर उंचीवरच्या विरळ हवेत नेले तर तो पाच-सहा टक्क्यांनी उतरेल. त्यात यंत्राचा दोष नाही. पण चेन्नईत, झडप पूर्ण उघडी असता, अंक एकशेचाळीस-एकशेपन्नासवरच अडकला, तर जाळी कोंदली आहे. ती साफ करता येते, म्हणून यंत्र नाकारू नये. मात्र जेथे जाळी कोंदली तेथे इतर निगाही बेताचीच, असा तर्क करण्यास हरकत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धुळीने यंत्र हलके लागते, पण वेळ खोटी दाखवीत नाही. विरोधाचा अंक दर ओढीला नव्याने काढून मापक हिशेब जुळवून घेतो. कसोटीचा आकडा ज्याला खरा हवा आहे त्याने याविषयी निश्चिंत असावे.

आता सज्जातले यंत्र. याच्या रुळावर एकही रेघ नाही, मुठीचे रबर कोरे, बैठकीची चाके गोल. प्रथमदर्शनी सौदा पक्का वाटतो. पण साखळी बाहेर काढली तर पेटीतून आलेल्या भागाचा रंग वेगळा, त्यावर लाल ठिपके. मोळे आणि पेच यांच्या माथ्यांवर गंजाच्या टोप्या. सेलांचा कप्पा उघडला की स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर. सेल आतच फुटून वर्ष उलटले असावे. चाक फिरविले की बारीक खरखर. समुद्राची खारी हवा आणि ईशान्य मोसमी पावसाची ओल यांनी हे काम केले आहे. चालत्या यंत्रात तेल पसरत राहते, बेअरिंगांतले वंगण फिरत राहते, आणि दोष निघाला तर रोज ओढणारा तक्रार करतो. पडून असलेल्या यंत्राची तक्रार कोण करणार? गंज खाणारे सात तासांचे यंत्र आणि तेल मिळालेले हजार तासांचे यंत्र यांत दुसरे निवडावे; साखळी, दोर, बैठकीची चाके आणि मुठीचा सांधा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. हे भाग झिजण्यासाठीच असतात. चौकट, रूळ आणि चाकाची पेटी टिकण्यासाठी असतात, पारख त्यांची.

अर्थात व्यायामशाळेचे म्हणून कोणतेही घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या मुठीची जोडणी अर्धी झिजली आहे आणि साखळी कोरडी आहे, असे यंत्र तेथेही सापडते. आणि घरातल्या कोरड्या खोलीत आच्छादून ठेवलेले कमी वापराचे यंत्र मिळाले, तर त्याहून चांगले काही नाही.

बाजारात इतर जातींची यंत्रेही येतात. पाण्याच्या टाकीत पाती फिरविणाऱ्या यंत्रात पाणी गढूळ वा हिरवे झाले आहे का आणि टाकीच्या सांध्यातून पाझर आहे का, ते पाहावे. चुंबकाच्या विरोधावर चालणाऱ्या यंत्रात पट्टा आणि विरोध कमी-जास्त करणारी कळ तपासावी. दोन बाजूंना तेलाचे दट्टे असलेले स्वस्त यंत्र दहा मिनिटे ओढल्यावर दट्ट्यांच्या तोंडाशी तेल पाझरू लागले, तर ते फुकटही घेऊ नये. या सर्वांचे आकडे परस्परांशी, किंवा हवेच्या यंत्राशी ताडून पाहता येत नाहीत. व्यायामापुरते ठीक, शर्यतीच्या सरावासाठी नव्हे.

काहीही ठरले तरी, पैसे देण्यापूर्वी निदान दहा मिनिटे सलग ओढून पाहावे. पहिल्या दोन मिनिटांत सगळी यंत्रे चांगली असतात. पाचव्या मिनिटानंतर घाम येतो, जोर लागतो, पावलांचे पट्टे सैल होतात की नाही ते कळते, रूळ डगमगतो की नाही ते कळते. विकणारा दहा मिनिटे थांबण्यास तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

गुम्मिडिपूंडीला यंत्र नेण्याची अडचण वाटते तेवढी नाही. या कंपनीच्या अलीकडच्या नमुन्याचे पाच मिनिटांत दोन भाग होतात, लहान टेम्पोत ते उभे राहतात. घरी आल्यावर ते खिडकीपाशी न ठेवता आतल्या भिंतीलगत ठेवावे, कारण भट्ट्यांच्या वसाहतीतली हवा समुद्राच्या हवेइतकीच यंत्राच्या मुळावर येते. जाळी उघडून आतला थर ब्रशाने व झाडणीयंत्राने काढावा, साखळीला तेल द्यावे, सेल नवे घालावेत, रोज ओढून झाले की रूळ पुसावा. आणि एका वहीत त्या दिवशीचा मापकाचा आकडा, तारीख, बदललेले भाग व तेल दिल्याचे दिवस टिपून ठेवावेत. पुढे कधी बदली झाली आणि यंत्र विकावे लागले, तर घेणारा प्रथम ती वही मागेल.